घाटातल्या एका तासाची किंमत: एका एसयूव्ही खरेदीचं प्रकरण

मी कोल्हापुरात सीए म्हणून काम करतो. गाडी घेण्याआधी लोक माझ्याकडे येतात ते बहुतेक एकाच प्रश्नासाठी: कंपनीच्या नावावर घेऊ की स्वतःच्या? हे प्रकरणही तिथूनच सुरू झालं आणि भलतीकडे गेलं. संबंधित कुटुंबाच्या परवानगीने लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकड्यांचा मेळ मात्र तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

माझा हा मित्र शिरोली एमआयडीसीत फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, चालवतो. वय पन्नाशीच्या आसपास. पंप आणि ट्रॅक्टरचे कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, चाकणला जातात, म्हणून महिन्यातून दोन-तीनदा पुणे. वहिनींचं माहेर देवगडकडचं, म्हणून महिन्यातून एकदा तरी फोंडा नाहीतर करूळ घाट उतरणं. घरात शहात्तर वर्षांच्या आई. एक मुलगा बाहेर शिकायला.

दारात २०१७ ची फॉर्च्युनर, २.८ लिटर डिझेल, ऑटोमॅटिक. २०२५ च्या एप्रिलमध्ये मीटरवर एक लाख चाळीस हजार किलोमीटर झाले होते. एकदाही रस्त्यात उभी राहिली नव्हती. शिडीसारख्या लोखंडी चौकटीवर बसवलेली ही गाडी आमच्याकडच्या रस्त्यांना मानवते, आणि विकताना काय मिळतं ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे.

नेमकी अडचण

"गाडीत खोट काहीच नाही," मित्र म्हणाला, "पण मला आता ती चालवावीशीच वाटत नाही रे."

हा माणूस कॉलेजात असल्यापासून गाडी चालवण्यातला दर्दी. पहाटे उठून गगनबावड्याला चहा प्यायला जाणारा. फॉर्च्युनर आल्यापासून ते हळूहळू बंद पडलं होतं. घाटात ती वळणावर कलते, जुन्या मॉडेलचं हायड्रॉलिक स्टिअरिंग हाताला जड लागतं आणि खड्ड्याचा झटका थेट मनगटात येतो. आई मागे बसल्या की वरचं हँडल सोडत नाहीत. त्यामुळे तो इतका सावकाश चालवायचा की शेवटी ड्रायव्हरला द्यायला लागला.

त्याला जर्मन एसयूव्ही हवी होती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात बीएमडब्ल्यूची नवी एक्स थ्री आली होती, पेट्रोलची एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विम्याआधीची, किंमत ७५.८० लाख. त्याने ती पाहिली आणि मन तिथेच अडकलं. पण धातू वितळवणाऱ्या इंडक्शन फर्नेसचं कर्ज चालू, कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्याच्या रोजच्या खर्चासाठी बँकेकडून मिळणाऱ्या उसनवारीची, मर्यादा वर्षातले आठ महिने जवळजवळ भरलेली. पैसे नव्हते असं नाही. पण ते पैसे आधीच काम करत होते.

घरचे पाहुणे, म्हणजे त्याच्या बहिणीचे यजमान, एका वाक्यात निकाल देऊन मोकळे झाले: "परत फॉर्च्युनरच घ्या की. इकताना डोळं झाकून पैसं येत्यात." व्यवहाराने बघितलं तर ते खरंच बोलत होते. म्हणूनच मित्र माझ्याकडे आला. त्याला ते म्हणणं खोडून काढणारं कुणीतरी हवं होतं, आणि मी ते काम घ्यायला तयार नव्हतो.

समोरचे पर्याय

चार पर्याय कागदावर आले.

नवी फॉर्च्युनर, वरचं मॉडेल: डिझेलला महाराष्ट्रात या किमतीत १५ टक्के रोड टॅक्स धरून साधारण ५४ लाख.

स्कोडा कोडियाक: नवं मॉडेल त्याच एप्रिलमध्ये आलं होतं, वरची आवृत्ती ४८.६९ लाख एक्स-शोरूम, रस्त्यावर ५७ च्या आसपास. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळणी, दोन लिटर टर्बो पेट्रोल, चारही चाकांना ताकद. डोक्याने निवडायची झाली तर बहुतेकांसाठी हीच, आणि मी ते मित्राला स्पष्ट सांगितलं होतं.

नवी एक्स थ्री: १३ टक्के रोड टॅक्स ९ लाख ८५ हजार, १ टक्का टीसीएस, विमा वगैरे धरून नव्वद लाखांच्या घरात. टीसीएस म्हणजे विक्रेत्याने विकतानाच वसूल केलेला प्राप्तिकर; तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण आधी भरावा लागतोच.

चौथा पर्याय: तीन वर्षं वापरलेली, २०२२ ची, मागच्या पिढीतली एक्स थ्री, ३०आय पेट्रोल. पुण्यातल्या एका विक्रेत्याकडे अठ्ठावीस हजार किलोमीटर झालेली, पहिल्याच मालकाची होती. मागणी ४९ लाख.

पोर्शे मकानही एक दिवस चर्चेत राहिली. चालवायला तिच्यासारखी या वर्गात क्वचितच सापडेल. पण कोल्हापूरहून प्रत्येक सर्व्हिससाठी लांबची धाव आणि आयात सुट्या भागांची वाट, हे कळल्यावर त्यानेच नाव मागे घेतलं.

"जुनीच घ्यायची तर दिल्लीची का नको, पाच लाखांनी स्वस्त पडते," असंही कुणीतरी सुचवलं. तिथून आणली की महाराष्ट्रात पुन्हा रोड टॅक्स, एनओसी (ना हरकत दाखला) आणि नव्या नोंदणीची धावपळ. फरकातला बराच भाग तिथेच जातो. शिवाय गाडीचा पूर्वेतिहास कोल्हापुरात बसून तपासता येत नाही.

कंपनीच्या नावाचा प्रश्न इथेच मिटवला. आमच्या राज्यात कंपनीच्या नावावरच्या गाडीला रोड टॅक्स २० टक्के. नव्या एक्स थ्रीवर म्हणजे १३ ऐवजी २० टक्के, ५ लाख ३० हजार जास्तीचे. प्रवासी गाडीवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे भरलेला कर धंद्याच्या करातून वळता करता येत नाही. १५ टक्के घसारा मिळतो हे खरं, पण खासगी वापराचा हिशेब मागे लागतो. त्याचा खासगी वापर निम्म्याहून जास्त होता. वैयक्तिक नाव ठरलं.

पहिला निर्णायक टप्पा: आठ आठवड्यांची वही

मी त्याला एक काम दिलं. गाडीच्या कप्प्यात वही ठेव. प्रत्येक फेरीचे तास लिही, आणि पुढे एक अक्षर: ड्रायव्हरने चालवली तर 'ड्रा', तू चालवलीस तर 'मी', तू चालवलीस आणि रस्ता घाटाचा किंवा कोकणातला असेल तर 'घा'.

आठ आठवड्यांत हे निघालं: 'ड्रा' ३८ तास, 'मी' ४१ तास, 'घा' २२ तास.

मला हे आवश्यक वाटलं, कारण चालवण्याच्या आनंदाबद्दल माणूस बोलतो तेव्हा त्याच्या डोळ्यापुढे घाटातलं वळण असतं. कावळा नाक्यावरचा सिग्नल नसतो, आणि सातारा ते कागल रुंदीकरणातली वळणवाट तर नसतेच. गाडी कितीही चांगली असो, त्या रस्त्यावर पन्नास लाखांची आणि नव्वद लाखांची सारख्याच वेगाने सरकते.

वर्षाला 'घा' साधारण १४३ तास. पाच वर्षांत सातशे पंधरा.

हिशेब

पाच वर्षांनी गाडी विकताना काय मिळेल ते माझे अंदाज होते, बाजारात विचारपूस करून बांधलेले. फॉर्च्युनर ५४ ला घेतली, ३२ ला गेली: बावीस लाख गेले. कोडियाकमध्ये तीस. नव्या एक्स थ्रीमध्ये सत्तेचाळीस. जुनी एक्स थ्री विमा, नाव बदलणं, किरकोळ कामं धरून ५० ला पडेल, २४ ला जाईल, म्हणजे सव्वीस. त्यात वॉरंटी संपल्यानंतरच्या दुरुस्तीसाठी सहा लाख वेगळे. बत्तीस.

म्हणजे पाहुण्यांचा सल्ला पायाभूत धरला, तर जुनी एक्स थ्री दहा लाखांनी महाग आणि नवी पंचवीस लाखांनी. हे आकडे ७१५ ने भागले.

घाटातल्या एका तासासाठी, फॉर्च्युनरपेक्षा जास्तीचे: जुन्या एक्स थ्रीत १,४०० रुपये, नव्या एक्स थ्रीत ३,५०० रुपये.

कागद त्याच्यापुढे सरकवला. "चौदाशे देईन," तो लगेच म्हणाला. साडेतीन हजारांवर थांबला. खिडकीबाहेर बघत बसला. मी आणखी एक आकडा सांगितला: नव्या आणि जुन्या एक्स थ्रीतल्या चाळीस लाखांच्या फरकावर साडेनऊ टक्क्यांनी वर्षाला ३ लाख ८० हजार व्याज, कारण तेवढे पैसे गाडीत गेले तर कॅश क्रेडिटची बाकी तेवढ्याने कमी होत नाही आणि तिच्यावरचं व्याज चालूच राहतं. शोरूमच्या कागदावर ही ओळ कधीच नसते. व्यवसाय करणाऱ्या माणसाने ती स्वतःच्या हाताने लिहिली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट त्याने काढली जी माझ्या लक्षात आली नव्हती. नवी पेट्रोल एक्स थ्री १९० अश्वशक्तीची. जुनी ३०आय २५२ ची. पडदे, दिवे, आतली सजावट नव्यात जास्त. पण त्याला जे हवं होतं, ते जुन्या गाडीत जास्त होतं आणि जवळजवळ निम्म्या किमतीत होतं.

दुसरा निर्णायक टप्पा: चालवून पाहणं

शोरूमची चाचणी म्हणजे पंधरा मिनिटं, सपाट रस्ता, शेजारी बोलत राहणारा विक्रेता. त्यावर आम्ही निर्णय घ्यायचा नाही हे ठरलं होतं. कोडियाक एका ओळखीच्यांची मिळाली, तीच गगनबावड्यापर्यंत नेली. शांत, भरपूर जागा, मागे आई बसल्या तरी तक्रार नाही. परत आल्यावर मित्र म्हणाला, "काही चुकीचं नाही त्यात. पण वर पोचल्यावर परत खाली उतरून पुन्हा चढावंसं वाटलं नाही." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

जुन्या एक्स थ्रीसाठी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याला गेलो. अनामत ठेवून अर्धा दिवस गाडी मिळाली. चांदणी चौकातून मुळशीच्या रस्त्याने ताम्हिणीकडे. पाऊस नुकता सुरू झालेला, रस्ता ओला, कडेला लाल माती वाहून आलेली. मी मागच्या सीटवर.

एका डाव्या वळणावर मी बघत होतो. त्याने वेग चाळीसवर आणला, स्टिअरिंग एकदाच वळवलं आणि हात तिथेच स्थिर राहिले. फॉर्च्युनरमध्ये तो वळणात दोन-तीनदा हात सरळ करतो, पुन्हा वळवतो. इथे एकदाच. गाडी कलली नाही, वळण संपलं तसे हात आपोआप सरळ झाले. पुढचं वळण, परत तसंच. त्याने बोलणं बंद केलं होतं. आरशात त्याचा चेहरा दिसत होता, आणि हा चेहरा मी वीस वर्षांत विसरून गेलो होतो.

त्याच रस्त्यावर डांबर उखडलेला एक पट्टा आला. मागे धपकन धक्का बसला, कमरेत जाणवला. मी वहीत लिहिलं: 'मागे कडक.' पण त्या क्षणी तोंडाने बोललो नाही. पुढे त्याची किंमत मोजावी लागली, ते खाली येईलच.

निर्णय आणि कृती

तपासणीचं काम नीट केलं. चासी नंबरवरून सर्व्हिसची नोंद काढली. बाहेरच्या एका तज्ज्ञाकडून रंगाची जाडी मोजून घेतली, संगणक जोडून जुन्या तक्रारींचे कोड वाचले. वाढीव वॉरंटी मे २०२७ पर्यंत होती आणि ती नव्या मालकाच्या नावावर होते, हे लेखी घेतलं. टायरच्या कडेवरचा चार अंकी आकडा वाचला, तो उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतो. चारही टायर २०२१ च्या उत्तरार्धातले निघाले. त्यावर घासाघीस होऊन सौदा साडेसत्तेचाळीसला तुटला. मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०, विमा नावावर करणं, सगळं महिन्याच्या आत. गाडी महाराष्ट्रातलीच, त्यामुळे रोड टॅक्सचा प्रश्न नव्हता.

तिसरा निर्णय मात्र माझ्या सल्ल्याविरुद्ध झाला. जुनी फॉर्च्युनर १६ लाख ५० हजारांना जात होती. मी म्हटलं विक. तो म्हणाला, ठेवतो. कारण पुराचं होतं, आणि खरं होतं. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा पंचगंगेचं पाणी महामार्गावर येऊन शिरोलीजवळ रस्ता बंद झाला होता. कारखाना त्याच बाजूला. मी म्हणालो, महामार्गच बंद झाला तर उंच गाडी काय करणार? त्यावर त्याचं उत्तर, पाणी चढण्याआधीच्या चार तासांत माणसं बाहेर काढायला ती लागते. २०१९ ला त्याने काढली होती. यावर माझ्याकडे आकडा नव्हता.

दहा महिन्यांनंतर

एप्रिल २०२६ पर्यंत एक्स थ्री सात हजार किलोमीटर चालली. पुण्याच्या फेऱ्या ड्रायव्हर फॉर्च्युनरने करतो, नमुन्याचे कास्टिंग डिकीत टाकून. एक्स थ्री मित्र स्वतःच चालवतो. 'घा'चे तास अंदाजापेक्षा थोडे जास्तच भरले. पहाटेचा गगनबावडा परत सुरू झाला आहे.

दोन धक्के बसले. पहिला टायरचा. गाडीचे टायर रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे. त्यांची बाजू मुळातच कडक, त्यात ते चार वर्षांचे. एमआयडीसीच्या रस्त्यावर लोखंडाची चिप रुतून ऑक्टोबरमध्ये एकाची कड फाटली. त्याच सुमारास वहिनींची कंबर दुखायला लागली. त्यांच्या मणक्यात जुना त्रास आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. देवगडहून परत येताना त्यांना नांदगावला उतरून थोडं चालावं लागलं. नोव्हेंबरमध्ये चारही टायर त्याच मापाचे, पण साधे घेतले, पंक्चरसाठी पंप आणि किट ठेवलं. एक लाख दहा हजार गेले. मागचा धक्का बराच मऊ झाला. वळणावरची धार किंचित कमी झाली असं मित्र सांगतो, आणि ते त्याने मनापासून मान्य केलं आहे.

दुसरा धक्का जीएसटीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरचा २८ अधिक २२ असा पन्नास टक्के कर एकदम चाळीसवर आला. दीडशेचे एकशेचाळीस, म्हणजे ७५.८० लाखांच्या किमतीत हिशेबाने पाच लाखांची घट. नव्या उतरल्या की जुन्यांचे भाव उतरतात. मी पाच वर्षांनंतरचा २४ चा अंदाज २२ वर आणला. पण तोच कर फॉर्च्युनरचाही कमी झाला, त्यामुळे दोन्हींमधला फरक, म्हणजे ते चौदाशे रुपये, फारसे हलले नाहीत. हललं ते वेगळंच: दारातल्या जुन्या फॉर्च्युनरला नोव्हेंबरमध्ये पंधरा लाखांचा भाव आला. ठेवण्याच्या निर्णयाची ही दीड लाखाची किंमत, वर दुसरा विमा. मित्राला ती मान्य आहे. मला अजून पूर्ण पटलेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

जीएसटीबद्दल जूनमध्ये कुणालाच कळणं शक्य नव्हतं, पहिली घोषणा पंधरा ऑगस्टची. त्याची हळहळ नको.

टायरची हळहळ मात्र आहे. २०२१ चे टायर दिसल्यावर किंमत कमी करून घेण्यापेक्षा ते बदलूनच गाडी ताब्यात घ्यायला हवी होती. आणि चाचणीला मागच्या सीटवर मी नको, वहिनी हव्या होत्या. मी 'मागे कडक' असं लिहून वही मिटली, कारण पुढे बसलेल्या माणसाचा चेहरा मला मोडवेना. तिथे मी सल्लागार राहिलो नाही, मित्र झालो. टायर बदलेपर्यंत त्यांनी कंबर धरून प्रवास केला.

माझ्या हिशेबातली सगळ्यात मोठी चूक भागाकारात होती. मी ७१५ तास धरले ते फक्त मित्राचे. वहिनींना चालवायचं आहे का, हे विचारलंच नाही. त्यांचा परवाना पंचवीस वर्षांचा. फॉर्च्युनर त्यांनी दोनदा चालवून सोडून दिली होती, आणि आम्ही समजलो त्यांना आवड नाही. कारण जड स्टिअरिंगचं होतं. एक्स थ्री लांबीला जराशी कमी असली तरी रुंदीला फॉर्च्युनरपेक्षा जास्तच आहे, तरीही पहिल्या आठवड्यातच त्यांनी ती भाजी मंडईपर्यंत नेली. टायर बदलल्यावर तर लांबच्या रस्त्यालाही बसू लागल्या. 'घा' रकान्यात आता दोन हस्ताक्षरं आहेत. जानेवारीपासूनच्या पानांवर वहिनींचे तास मित्रापेक्षा थोडेसेच कमी दिसतात.

वही मी परत मागितली होती, हे प्रकरण लिहायला. मित्र म्हणाला, थांब, आंब्याचा हंगाम होऊ दे. परवा ते देवगडहून आले. मागे सहा पेट्या, आई पुढच्या सीटवर. फोंडा घाट वहिनींनी चढवला. आईंनी हँडल धरलं होतं का, असं मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "दाजीपूर आलं तरी झोपल्या होत्या."